बिबट्यासोबतचे ते फोटो: हेमलकशाच्या आमटे दांपत्याच्या छायाचित्रांमागे नेमकं काय आहे?

अंगात पांढरी बनियन, खाली हाफ पँट आणि शेजारी निवांत पहुडलेला बिबट्या. डॉ. प्रकाश आमटे यांचा असा एखादा फोटो तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेलाच असेल. काही फोटोंत डॉ. मंदाकिनी आमटेही असतात. कधी बिबट्याऐवजी अस्वल असतं, कधी तरस, कधी हातात अजगर. खाली ‘प्रेम दिलं की जंगली जनावरही माणसासारखं वागतं’ अशा अर्थाची एक ओळ आणि हजारो लाइक्स.

फोटो खरे आहेत. ते गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात, हेमलकसा इथे काढलेले आहेत. पण फॉरवर्ड होत होत त्यांच्यामागची गोष्ट गळून पडते आणि उरतो तो फक्त माणूस आणि बिबट्या. मग कुणाला वाटतं, हे पाळीव प्राणी असतील. कुणाला वाटतं, आपणही असं करून बघावं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत हा गैरसमज महागात पडू शकतो, कारण इथे शेताच्या बांधावर खराखुरा बिबट्या भेटतो.

फोटोतलं जोडपं कोण?

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. माडिया गोंड आदिवासींसाठी दवाखाना आणि पुढे शाळा, असं कामाचं स्वरूप होतं. नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेले प्रकाश आणि मंदाकिनी हे नवं जोडपं इथे राहायला आलं. मंदाकिनी भूलतज्ज्ञ. वीज नाही, धड रस्ता नाही, आणि ज्यांच्यासाठी दवाखाना उघडला ते लोक सुरुवातीला दवाखान्याकडे फिरकतही नव्हते. १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली. प्रकाश आमटे यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २००८ मध्ये दोघांना मिळून रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१४ च्या चित्रपटात नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांनी या दोघांच्या भूमिका केल्या, तेव्हापासून हे फोटो आणखी पसरले.

म्हणजे ही प्राण्यांची हौस असलेल्या श्रीमंत जोडप्याची गोष्ट नाही. प्राणी आले ते दवाखान्याच्या पाठोपाठ, आणि आले तेही भुकेमुळे.

पहिलं पिल्लू

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमटे दांपत्य जंगलातून जात असताना शिकार करून परतणारे माडिया त्यांना भेटले. मारलेली माकडीण त्यांनी वाहून आणली होती आणि तिचं जिवंत पिल्लू तिला घट्ट बिलगून होतं. पिल्लाचं काय करणार, असं विचारल्यावर उत्तर सरळ होतं: खाणार. आमट्यांनी बदल्यात धान्य देऊन ते पिल्लू मागून घेतलं.

इथे माडियांना क्रूर ठरवणं सोपं आहे, पण चुकीचं आहे. शेती जेमतेम, बाजार कोसभर नव्हे तर दिवसभर लांब, अशा जागी शिकार हा छंद नव्हता, ते जेवण होतं. आमट्यांनी शिकारीवर व्याख्यान दिलं नाही. त्यांनी एक व्यवहार सुचवला: पिल्लं मारू नका, आमच्याकडे आणा, आम्ही तुम्हाला खायला देऊ. हळूहळू पिल्लं येऊ लागली. बिबट्या, अस्वल, कोल्हा, साळिंदर, हरणं, मगर, साप. त्यातूनच प्राण्यांचं ते अनाथालय उभं राहिलं, ज्याला आज ‘आमटेज अ‍ॅनिमल आर्क’ म्हणतात. विलास मनोहर यांचं ‘नेगल’ हे पुस्तक याच प्राण्यांबद्दल आहे. नेगल हे तिथल्या एका बिबट्याचं नाव. प्रकाश आमटे यांनी स्वतः ‘रानमित्र’ लिहिलं.

तर फोटोत जो बिबट्या दिसतो, त्याची आई बहुतेक वेळा मेलेली असते. फोटोत नसलेली ही पहिली गोष्ट.

माणसाळलेला म्हणजे पाळीव नव्हे

मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ मिटतो. कुत्रा पाळीव आहे. हेमलकशातला बिबट्या माणसाळलेला आहे.

पाळीव होणं ही एका प्राण्याच्या आयुष्यात घडणारी गोष्ट नाही, ती पिढ्यान्‌पिढ्या घडते. लांडग्यापासून कुत्रा वेगळा व्हायला लागून किमान १५ हजार वर्षं झाली असं मानलं जातं. त्या काळात माणसाजवळ शांतपणे राहू शकणारीच जनावरं माणसाजवळ टिकली आणि त्यांचीच पिल्लं वाढत गेली. रशियात नोवोसिबिर्स्क इथे १९५९ मध्ये दिमित्री बेल्यायेव यांनी कोल्ह्यांवर हाच प्रयोग मुद्दाम केला. दर पिढीतले सर्वांत शांत कोल्हे निवडायचे आणि त्यांचीच पैदास करायची. काही पिढ्यांतच माणूस दिसला की शेपटी हलवणारे कोल्हे जन्माला येऊ लागले. ते लाडाने नाही, निवडीने बदलले होते.

माणसाळणं मात्र एका जिवापुरतं असतं. डोळेही न उघडलेलं पिल्लू बाटलीने दूध पिऊन वाढलं, तर त्याला माणसाची भीती वाटत नाही. ज्याच्या हातचं खाल्लं त्याला ते ओळखतं, अंग घासतं, खेळतं. पण त्याची सहजप्रवृत्ती जागच्या जागी असते. पाठ फिरवून पळणारं लहान मूल पाहिलं की बिबट्याच्या अंगात काय जागं होईल, याची हमी त्याला वाढवणारा माणूसही देऊ शकत नाही. आणि या बिबट्याची पिल्लं पुन्हा शंभर टक्के जंगलीच जन्मतात.

दुसरा तोटा प्राण्याच्या वाट्याला येतो. बिबट्याचं पिल्लू आईजवळ साधारण दीड ते दोन वर्षं राहतं. दबा कसा धरायचा, कुठल्या वासापासून लांब राहायचं, हे ते तिच्याकडून शिकतं. माणसाने वाढवलेल्या पिल्लाला यातलं काही येत नाही, उलट माणूस दिसला की खायला मिळतं एवढं मात्र पक्कं ठाऊक असतं. असा बिबट्या जंगलात सोडला तर तो गावाकडेच येणार. म्हणून एकदा पिंजऱ्यात वाढलेलं जनावर बहुधा जन्मभर पिंजऱ्यातच राहतं. प्रेमाच्या त्या फोटोमागची ही किंमत कॅप्शनमध्ये कधी लिहिलेली नसते.

मग आमट्यांना कसं चाललं?

हा प्रश्न कमेंटमध्ये हमखास येतो, आणि तो रास्त आहे.

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा. म्हणजे कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी हेमलकशाचं काम सुरू झालं. त्या काळी भामरागडसारख्या भागात पिल्लं नेऊन ठेवायला दुसरी जागाच नव्हती. प्राणिसंग्रहालयांना केंद्राची मान्यता लागेल अशी तरतूद कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने आली आणि त्यानंतर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. हेमलकशाचं अनाथालय पुढे या मान्यतेच्या चौकटीत आलं. चौकट आली की नियमही आले: पिंजऱ्याचा आकार, पशुवैद्यक, नोंदी, आणि प्राण्यांशी थेट संपर्क कमीत कमी.

काही वर्षांपूर्वी याच मुद्द्यावर प्राधिकरणाने आमट्यांना नोटीस दिली. प्राणी थेट हाताळण्यावर तिचा आक्षेप होता. त्यावर महाराष्ट्रात मोठी नाराजी उमटली; चाळीस वर्षं ज्यांनी हे जीव वाचवले त्यांनाच नियम शिकवता का, असा सूर होता. भावना समजण्यासारखी आहे. पण प्राधिकरणाची बाजूही पोकळ नव्हती. आमट्यांच्या हाताला जो अनुभव आहे तो फोटो बघणाऱ्याच्या हाताला नाही, आणि फोटो तर त्याच्यापर्यंतच पोहोचतो. एखाद्या चांगल्या कामाचं चित्र वाईट उदाहरण होऊ शकतं, त्यात काम करणाऱ्याचा दोष नसला तरी.

आज कायदा काय म्हणतो? बिबट्या, वाघ, अस्वल हे अनुसूची १ मध्ये आहेत. ‘शिकार’ या शब्दाची कायद्यातली व्याख्या मारण्यापुरती नाही; पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं हेही त्यात येतं. पक्ष्यांचं घरटं किंवा अंडी यांना नुकसान करणं, त्यांना त्रास देणं हेसुद्धा त्यातच. म्हणजे घरट्याचा चांगला फोटो मिळावा म्हणून आडव्या येणाऱ्या फांद्या तोडणारा छायाचित्रकार, त्याला कल्पना नसली तरी, या व्याख्येच्या अगदी उंबरठ्यावर उभा असतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची १ मधल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

पिंजऱ्यातला पोपटही याच कायद्यात येतो. आपल्याकडचा हिरवा, लाल चोचीचा पोपट घरात ठेवणं बेकायदा आहे. कित्येक घरांतल्या ‘पेट फोटों’मध्ये तो मिठू मिठू करत बसलेला असतो, आणि पोस्ट टाकणाऱ्याने स्वतःच्याच विरुद्ध पुरावा टाकलेला असतो.

शेतात पिल्लू दिसलं तर

हेमलकशाच्या फोटोंचा सर्वांत थेट परिणाम इथे होतो. धान कापताना किंवा झुडपात बिबट्याची पिल्लं दिसतात. आसपास आई नसते. गावकरी जमतात, कुणीतरी पिल्लू उचलतो, दुसरा फोन काढतो आणि पाच मिनिटांत ‘अनाथ पिल्लाला जीवदान’ अशी रील तयार होते.

पण ते पिल्लू बहुधा अनाथ नसतं. मादी शिकारीला जाताना पिल्लं दडवून जाते आणि परत येते. हेमलकशातल्या त्या माकडाच्या पिल्लाची आई डोळ्यांदेखत मेलेली होती. इथली आई कदाचित शंभर मीटरवर, गर्दी पांगण्याची वाट पाहत असते. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळच्या माणिकडोह इथल्या बिबट निवारा केंद्राच्या पथकाने उसाच्या शेतात सापडलेली पिल्लं वन विभागाच्या साथीने पुन्हा त्याच जागी ठेवून आईशी भेट घडवल्याची अनेक उदाहरणं आहेत. पद्धत साधी असते: पिल्लू तपासायचं, सापडलं त्याच जागी संध्याकाळी सुरक्षित ठेवायचं, माणसं लांब न्यायची आणि लांबून कॅमेऱ्याने लक्ष ठेवायचं. रात्री मादी येते, पिल्लाला तोंडात धरते आणि निघून जाते. त्या वेळी टिपलेली काळीपांढरी, धुरकट दृश्यं सौंदर्याच्या स्पर्धेत बसणार नाहीत. तरी बिबट्याच्या पिल्लाचा याहून चांगला फोटो असू शकत नाही.

म्हणून पिल्लू दिसलं तर त्याला हात न लावता मागे व्हायचं, बाकीच्यांनाही मागे करायचं आणि वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवायचं. जखमी प्राण्यांसाठी चंद्रपुरात वन विभागाचं उपचार केंद्र आहे, नागपुरात गोरेवाडा आहे. पन्नास वर्षांपूर्वी नव्हती ती सोय आज आहे, हा आमट्यांच्या काळातला आणि आजचा मोठा फरक.

कॅमेरा आणि जोडपी

नवरा-बायकोने मिळून जंगलात कॅमेरा घेऊन हिंडणं ही तशी जुनी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातले मार्टिन आणि ओसा जॉन्सन यांनी १९२० च्या दशकात आफ्रिकेतले प्राणी पडद्यावर आणले. १९२८ चा त्यांचा ‘सिम्बा’ खूप गाजला. मार्टिन कॅमेरा फिरवायचा आणि ओसा शेजारी बंदूक रोखून उभी असायची. प्राणी अंगावर आला की दृश्य रंगायचं आणि मग गोळी सुटायची. आजच्या डोळ्यांना ते पाहवत नाही.

त्याच सुमाराला भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा वन अधिकारी उलट वाटेने गेला. जनावराच्या पायवाटेवर तार लावायची, तारेला कॅमेरा आणि फ्लॅश जोडायचा आणि निघून जायचं. वाघ स्वतःच आपला फोटो काढून घ्यायचा. चॅम्पियनचं पुस्तक १९२७ मध्ये आलं. आज व्याघ्रगणनेत वापरले जाणारे कॅमेरा ट्रॅप हे त्याच युक्तीचे वारस.

आपल्या काळातलं ठळक नाव म्हणजे बोत्स्वानातले डेरेक आणि बेव्हर्ली जुबेर. डेरेक चित्रफीत घेतो, बेव्हर्ली फोटो काढते. एकाच प्राण्यामागे महिनोन्‌महिने राहायचं, ही त्यांची पद्धत. २०१७ मध्ये एका रानरेड्याने दोघांवर हल्ला केला आणि बेव्हर्ली गंभीर जखमी झाली. दांडगा अनुभव असूनही.

ताडोबात अंतर म्हणजे नेमकं किती?

चंद्रपूर जिल्ह्यात वन्यजीव छायाचित्रण म्हणजे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. गाभा आणि बफर मिळून सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर. राष्ट्रीय उद्यान १९५५ मधलं, म्हणजे राज्यातलं सर्वांत जुनं. गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असतं आणि पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबरही.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पर्यटकांच्या गाडीने प्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन गाड्यांनी एकमेकींपासून ५० मीटर अंतर ठेवायचं आहे. आता २० मीटरवरून फोटो कसा येतो, याचं गणित करून बघण्यासारखं आहे. ४०० मिलिमीटरच्या लेन्सने, फुल फ्रेम कॅमेऱ्यात, २० मीटरवर चौकटीची रुंदी साधारण १.८ मीटर भरते. आडवा उभा असलेला वाघ तेवढ्यात काठोकाठ बसतो. तोच वाघ मोबाइलच्या साध्या लेन्सने टिपला, तर चौकटीत २७-२८ मीटर रुंदीचं जंगल येतं आणि वाघ त्याचा पंधरावा हिस्सा, म्हणजे एक ठिपका.

जिप्सीत बसलेला मोबाइलवाला ड्रायव्हरला ‘भाऊ, थोडी पुढे घ्या ना’ का म्हणतो, त्याचं उत्तर या ठिपक्यात आहे. मोठ्या लेन्सवाला थांबू शकतो, मोबाइलवाल्याला जवळ जावंसं वाटतं. ताडोबाच्या गाभ्यात सफारीला मोबाइल न्यायला मनाई आहे ती काही उगाच नाही.

शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी जे झालं ते याचंच टोक होतं. वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्ही बाजूंनी जिप्सींनी अडवली गेली. ते दृश्य कुणीतरी चित्रित केलं, ते पसरलं, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गंमत अशी की नियम मोडल्याचा पुरावाही कॅमेऱ्यानेच दिला.

लेन्सचा आणखी एक खेळ लक्षात ठेवावा. लांब पल्ल्याच्या लेन्सने पुढची आणि मागची वस्तू एकमेकांना चिकटल्यासारखी दिसते. त्यामुळे ‘जिप्सीला खेटून वाघ’ असं दाखवणाऱ्या प्रत्येक फोटोत ते तसं असेलच असं नाही. आणि उलटही खरं: ज्या फोटोत सगळं शांत दिसतं, तिथे शांतता असेलच असंही नाही.

माया वाघिणीचं उदाहरण आहेच. ताडोबातली सर्वाधिक फोटो निघालेली वाघीण म्हणून तिचं नाव घेतलं जायचं. पनवेलच्या ऐश्वर्या श्रीधर हिने तिच्यावर माहितीपट केला. गाड्यांची मायाला इतकी सवय होती की ती रस्त्यावरून त्यांच्या पुढ्यात ऐटीत चालत राही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे यांच्यावर याच मायाने हल्ला केला आणि त्यांचा मृत्यू झाला. जिप्सीतला माणूस आणि पायी चालणारा माणूस वाघाला एक वाटत नाहीत. उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करायला पहाटे जंगलात शिरणाऱ्या बाया-माणसांना हे फोटो न बघताही ठाऊक असतं.

घरचा कुत्रा, दारची चिमणी, आणि गडचिरोलीचं बाकीचं जंगल

जोडीने फोटोग्राफी शिकायची तर सुरुवात घरातल्या प्राण्यापासून करणं उत्तम, कारण पाळीव प्राणी चुका माफ करतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणायचा, म्हणजे जमिनीवर आडवं व्हायचं. एकाने कुत्र्याचं लक्ष वेधायचं आणि दुसऱ्याने बटण दाबायचं. खिडकीचा बाजूने येणारा उजेड, डोळ्यात चमकणारा प्रकाशाचा ठिपका, फ्लॅश बंद. दोघांपैकी एकाचे हात रिकामे असणं हा जोडीचा खरा फायदा. जंगलातही तो तसाच राहतो: एक बघतो, ऐकतो, चितळाच्या ‘कॉल’चा अंदाज घेतो, दुसरा लेन्समध्ये डोकं घालून बसतो. फक्त घरातली बिस्किटाची लालूच जंगलात चालत नाही. तिथे ती कायद्याच्या भाषेत आमिष ठरते.

कल्पक फोटोला वाघ लागतोच असंही नाही. ताडोबाच्या बफरमध्ये रामदेगी भागात भानुसखिंडी वाघिणीच्या बछड्याने पाणवठ्यातली प्लास्टिकची बाटली तोंडात धरून बाहेर आणली. दीप काठीकर यांनी टिपलेलं ते दृश्य २०२४ च्या फेब्रुवारीत देशभर पसरलं. त्यात वाघ आहे खरा, पण विषय बाटलीचा आहे.

गडचिरोलीत तर वाघ सोडून कितीतरी आहे. आलापल्लीचं जुनं सागवान, ज्याला राज्याने २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ ठरवलं. सिरोंचाजवळ वडधम इथले जीवाश्म. कमलापूरचे हत्ती, जे वन विभागाचे, म्हणजे माणसाळलेले. आणि २०२१ मध्ये छत्तीसगडहून आलेला हत्तींचा कळप, जो पूर्णपणे जंगली. दोन्ही हत्ती फोटोत सारखेच दिसतात. कमलापूरला अंघोळ घालतानाचा फोटो काढून परतलेला माणूस धानाच्या शेतात शिरलेल्या कळपासमोर तसाच उभा राहिला, तर त्याचं काय होईल ते सांगायला नको.

आणि आता फोटोच खोटा असेल तर?

२०२५ च्या नोव्हेंबरात ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर वाघाने माणसावर झडप घातल्याचा एक व्हिडिओ फिरला. सीसीटीव्हीसारखा दिसणारा, कोपऱ्यात वेळ-तारीख असलेला. वन विभागाने तो बनावट, कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला असल्याचं सांगितलं. ब्रह्मपुरी भागात वाघाच्या हल्ल्यात खरंच माणसं मरतात, त्यामुळे तिथल्या लोकांसाठी हा व्हिडिओ करमणुकीचा नव्हता. संध्याकाळी घराबाहेर पडायचं की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता.

हेमलकशाच्या फोटोंचीही आता अशीच अवस्था होऊ घातली आहे. बिबट्याच्या गळ्यात हात टाकलेलं कुठलंही जोडपं आता कुणीही दोन मिनिटांत तयार करू शकतं. खरा फोटो ओळखायचा तर जागा, काळ आणि फोटो काढणाऱ्याचं नाव विचारावं; तिन्ही मिळत नसतील तर पुढे पाठवू नये.

खऱ्या जागेवर जायचं असेल तर आलापल्लीपासून हेमलकसा साधारण ६० किलोमीटर आहे. अनाथालय पाहता येतं, पण प्राणी जाळीच्या आत आणि पाहुणे बाहेर. प्रकल्पाचं काम आता दिगंत आणि अनिकेत ही पुढची पिढी बघते. दवाखान्याच्या आवारात दूरदूरच्या गावांहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक बसलेले दिसतात; तिथे कॅमेरा काढण्याआधी विचारावं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुढच्या भामरागडचा संपर्क तुटतो, त्यामुळे दिवाळीनंतर निघालेलं बरं.